बोळातल्या छत्र्या

बागेविषयीचे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्याच पानावर ऊन भेटते. गुलाबाला सहा तास ऊन हवे, शेवंतीला भरपूर ऊन हवे, मोगरा तर उन्हावाचून कळीच धरत नाही! पुस्तके लिहिणारे सारे गृहस्थ मोकळ्या माळावर बंगले बांधून राहतात की काय, कोण जाणे. तुमच्याआमच्या वाट्याला शहरात जी जमीन येते ती कोणती? इमारतीची पाठ आणि कुंपणाची भिंत यांच्यामधला बोळ! बांधकामाच्या नियमात अंतर सोडायला सांगितले आहे म्हणून सोडलेला. तिथे ऊन येत नाही, ओल हटत नाही. आणि घरात नको झालेले जे जे काही असेल ते वरच्या मजल्यांवरून तिथे येऊन पडते. अशा बोळात काय लावावे, हे सांगणारे पुस्तक मला तरी मिळाले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची इमारत पुण्यात, एरंडवण्यात आहे. तळमजला आणि वर चार मजले. आम्ही तळमजल्यावर, मागच्या अंगाला. मागच्या खोलीची खिडकी उत्तरेला उघडते. खिडकीपासून कुंपणापर्यंत साडेपाच फूट रुंद आणि चाळीसएक फूट लांब अशी पट्टी. भिंतीपलीकडे शेजारच्या सोसायटीचा आंबा, त्याच्या फांद्या अर्ध्या बोळावर आलेल्या. भिंतीला हिरवे शेवाळ, खाली फुटक्या फरशांचा ढीग, सांडपाण्याच्या नळाशेजारी दोन चेंबरे. आधीच्या बिऱ्हाडकरूंनी तिथे जास्वंद लावली होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा तिचा काठीएवढा सांगाडा उरला होता.

आता सावली म्हटली की सगळी सारखीच, असे आपण धरून चालतो. तसे नसते. एक सोपी कसोटी सांगते. दुपारी बाराच्या सुमारास पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली रेखीव पडली तर ते ऊनच समजा. कडा पुसट, पण पाचही बोटे ओळखू येतात, तर ती उजळ सावली. कागदावर काहीच उमटत नसेल तर मात्र गर्द सावली. तिथे फर्न आणि शेवाळ यांच्यापलीकडे फार हाव धरू नये. आमच्या बोळात बोटे ओळखू येत होती. म्हणजे आशेला जागा होती.

उत्तरेकडच्या जागेची आणखी एक गंमत आहे, ती विलायती पुस्तकांत सापडायची नाही. तिकडे उत्तरेची भिंत म्हणजे बारा महिने सावली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हा. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला राहतो. जून-जुलैत ढग असतात म्हणून जाणवत नाही, पण मेचा दुसरा पंधरवडा आमच्या बोळात वैशाखवणवा पेटवतो. वर्षभर सावलीत वाढलेले रोप त्या पंधरा दिवसांत करपून जाते. जास्वंदीचे माहीत नाही, पण सावलीचे म्हणून आणलेले बरेच काही या इमारतीत त्याच दिवसांत गेले असणार, असा माझा तर्क आहे. तेव्हा हवे होते ते असे झाड, की ज्याला सावली चालेल, पंधरा दिवसांचे ऊन सोसेल आणि पाय सतत ओले राहिले तरी कुजणार नाही.

ओले पाय हा मोठाच प्रश्न होता. वरच्या चारही मजल्यांवरच्या एसींच्या नळ्या या बोळात सोडलेल्या आहेत. मार्चपासून त्यांची टिपटिप सुरू होते ती पाऊस लागेपर्यंत चालते. एका नळीखाली बादली ठेवून पाहिली, तर दमट हवेच्या रात्री सकाळपर्यंत ती अर्ध्याच्या वर भरली. हे पाणी म्हणजे हवेतले बाष्पच थंड होऊन गळालेले; त्यात क्षार जवळजवळ नसतात. झाडांना ते उत्तम. आम्ही मात्र इतकी वर्षे त्याला कटकट म्हणत होतो.

ओल, सावली आणि चिवटपणा या तिन्ही गुणांची बेरीज केली, की उत्तर एका घराण्याशी येऊन थांबते. ते घराणे म्हणजे आपल्या लव्हाळ्याचे! घरात मी हे जाहीर केले तेव्हा आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले. "लव्हाळा? अगं, लोक तो उपटायला मजूर लावतात!"

खोटे नाही. तुकोबांच्या अभंगामुळे लव्हाळ्याचे नाव महाराष्ट्रात घरोघर आहे, पण शेतकऱ्याला विचाराल तर तो हात जोडील. १९७७ साली होम या तणशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातल्या वाईटात वाईट तणांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला दिला आहे. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. वरचा शेंडा खुडला तर खालची गाठ डोके वर काढते, ती काढली तर तिच्याखालची. या गाठी म्हणजेच मोथा. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला जे उटणे लावता त्यातला नागरमोथा याच कुळातला. आयुर्वेदात मुस्ता म्हणून त्याचा मान मोठा. तापात द्यायच्या षडंगपानीयात तो असतोच. रानडुकरांना तर तो जीव की प्राण. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा डुकरांनी आता डबक्यात निर्धास्तपणे मोथा उकरावा, असे कालिदासाने त्याच्या तोंडी घातले आहे. म्हणजे एकाच गवताला शेतकऱ्याच्या शिव्या, वैद्याचा नमस्कार आणि महाकवीची दाद!

गवत म्हटले खरे, पण शास्त्र्यांच्या मते ते गवत नव्हेच. गवताचा दांडा गोल, आतून बहुधा पोकळ, आणि त्याला पेरे असतात. लव्हाळ्याचा दांडा तिधारी, आतून भरीव, बिनपेऱ्यांचा. दोन बोटांत धरून फिरवून पाहा. गवत सरळ फिरते, लव्हाळा बोटांना कडा लावतो. या कुळात सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. इजिप्तच्या ज्या पपायरसपासून जुन्या काळी लिहिण्याचे पट्ट तयार होत, आणि ज्याच्या नावावरून इंग्रजीतला 'पेपर' आला, तोही यांच्यातलाच. तेव्हा तुम्ही आत्ता हातात धरलेल्या अंकाचेही लव्हाळ्याशी दूरचे नाते निघते.

खुद्द लव्हाळा बोळात लावण्याचा माझा बेत अर्थातच नव्हता. गंमत अशी की लावला असता तरी तो तिथे फारसा टिकला नसता. तो उन्हाचा भुकेला; दाट सावलीत त्याची रग जिरते. मला हवा होता त्याचा सावलीत रमणारा चुलत भाऊ.

पण त्याच्याकडे वळण्यापूर्वी, हा सारा खटाटोप कशासाठी, ते सांगितले पाहिजे. हौस होतीच, पण निव्वळ हौसेने कोणी फुटक्या फरशा उपसत नाही.

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. न्हाणीघर जवळ म्हणून त्यांची खाट मागच्या खोलीत हलवली. आधी तीन महिने खाटेवर, मग वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत, इतकेच त्यांचे जग झाले. आणि त्या जगाला खिडकी होती ती या बोळावर. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, खाट जरा फिरवून घे. डोकं खिडकीकडे कर माझं." मला वाटले, वारा हवा असेल. तर म्हणाल्या, "वारा नको. ते दिसायला नको."

ज्या बाईने चाळीत दोन खोल्यांत राहूनही खिडकीत डब्यांतून तुळस, गवती चहा आणि ओवा वाढवला, तिने खिडकीकडे पाठ करून मागावी! त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. सकाळी ह्यांनी घमेले आणि फावडे कोठून तरी पैदा केले.

चुलत भाऊ सापडला सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत. तिथे त्याला 'अंब्रेला पाम' म्हणतात. पाम नव्हे, ताड नव्हे, माड नव्हे. पण रोपवाटिकेत उंच दांड्यावर झुबका दिसला की तो पाम, असा नियमच आहे. माळी त्याला छत्रीगवत म्हणतात, ते पुष्कळ बरे. मूळचा हा पूर्व आफ्रिकेतला आणि मादागास्कर बेटावरचा, पाणथळीचा रहिवासी. कमरेएवढे, कधी छातीएवढे हिरवेगार सरळ दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला बारा-पंधरा, कधी वीस-बावीस लांब पाने छत्रीच्या काड्यांसारखी चहूकडे पसरलेली. खरे म्हणजे ही त्याची पाने नव्हेतच, फुलोऱ्याखालची छदे. खरी पाने बुंध्याशी तपकिरी वेष्टनापुरती उरली आहेत, आणि पानांचे पुष्कळसे काम हिरवे दांडेच करतात. छत्रीच्या मध्यावर पुढे बारीक, हिरवट तपकिरी फुले येतात. फुले म्हणून त्यांना कोणी वेणीत माळणार नाही, पण हिरव्यावर तो तपकिरी शिंतोडा शोभून दिसतो.

त्याच्या दांड्यांत आणि मुळांत हवा खेळवणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. वरची हवा त्यांतून खाली चिखलातल्या मुळांना पोहोचते, म्हणून इतर झाडे जिथे गुदमरतात तिथे हा ताठ उभा राहतो. याच गुणामुळे सांडपाणी नैसर्गिक रीतीने शुद्ध करण्याच्या पाणथळ वाफ्यांत तो मुद्दाम लावतात.

आता लागवड. आम्ही कुंपणाच्या बाजूने दोन फूट रुंदीचा पट्टा आखला आणि दीड फूट खणला. निघाला निव्वळ राडारोडा; विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळे, एक अख्खी नळाची तोटी. तो उपसून तळाशी जुने जाड प्लॅस्टिक अंथरले आणि त्याला बोटभर रुंदीची भोके पाडली. हेतू हा की पाणी खाली जावे, पण सावकाश जावे. वर निम्मी काळी माती, चौथाई कुजलेले शेणखत आणि चौथाई वाळू. कुंड्यांसाठी काळी माती घेऊ नका, असे सगळे सांगतात; कारण ती पाणी धरून ठेवते. इथे नेमके तेच हवे असते. रोपे दीड-दीड फुटांवर लावली. दिवस निवडला जूनचा दुसरा आठवडा, म्हणजे पहिल्या सरींचा. पावसाच्या तोंडावर लावलेल्या रोपाला पुढचा मे सोसण्याइतके बळ यायला अकरा महिने मिळतात.

एक खबरदारी अवश्य घ्यावी. हा ओला वाफा इमारतीच्या भिंतीला चिकटून करू नये. भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट दूर आणि जोत्यापेक्षा खाली असावा, नाही तर ओल घरात चढते आणि मग शेजारी जे म्हणतात ते ऐकावे लागते. जागा त्याहून अरुंद असेल तर सरळ टबांत लावा. टबाच्या तळाला भोक पाडण्याऐवजी कडेपासून चार बोटे खाली, बाजूला पाडा. त्या भोकापर्यंत पाणी राहते, वरचे निथळून जाते.

मात्र डास! छत्रीगवताच्या कुंडीखाली बशी ठेवून ती भरलेली ठेवावी, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असते. आजच्या दिवसांत ते करू नये. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या शोधात असतो, आणि उबेच्या दिवसांत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा उघडे पाणी कुठेही दिसता कामा नये. टबात मातीवर दोन इंच जाड खडी पसरावी आणि पाण्याची पातळी खडीच्या आत ठेवावी. मोठा हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. घरात बरणीत फुटवा ठेवला असेल तर दर चौथ्या दिवशी पाणी बदलावे, आणि बरणी आतून घासावी. कारण या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून दिल्याने जात नाहीत.

बरणीचा विषय निघालाच आहे, तर या झाडाची खरी नवलाई आता सांगते. कलम नाही, बी नाही, मुळाची फोड नाही. याची छत्रीच उलटी करून पाण्यात ठेवायची! चांगली जून, पण हिरवी छत्री निवडा. खाली तीन-चार बोटे दांडा ठेवून ती कापा. पाने कात्रीने निम्म्यावर आणा, नाही तर बरणीत मावत नाहीत आणि कुजतात. मग ती तोंडाकडून पाण्यात सोडा, दांडा वर. खोलीत उजेड हवा, ऊन नको. दोनतीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून पांढरी मुळे उतरतात, आणि त्याच जागेवरून हिरवे कोंब पाणी फोडून वर येतात. पाणथळीत दांडा वाऱ्याने मोडून पाण्यात पडला की तिथेच नवे बेट होते, त्यातलाच हा प्रकार. मुळे बोटभर झाली की छोट्या कुंडीत लावून माती ओली ठेवावी.

या कामाचे खाते सासूबाईंकडे आहे. ते मी त्यांना दिले नाही, त्यांनी घेतले. पहिल्या पावसाळ्यात नव्या छत्र्या उघडू लागल्या तेव्हा मी एक दांडा कापून त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो दोन बोटांत धरून फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर लव्हाळ्याच्या जातीतला!" कुठल्याही शास्त्र्याला विचारल्यावाचून! त्यांचे माहेर वाईकडचे, कृष्णाकाठचे. शेतात नांगरट झाली की पोरांनी टोपल्या घेऊन लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या, असा शिरस्ता होता. त्यांतल्या निवडक धुऊन, उन्हात वाळवून आजीच्या हवाली करायच्या. दिवाळीच्या आधी त्या कुटून उटण्यात पडत. "आजी हुंगून सांगायची, ही ओढ्याकाठची आणि ही माळाची. ओढ्याकाठचीला वास जास्त." त्या दिवशी सासूबाई सलग तासभर बोलल्या. पडल्यापासून इतक्या बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या मागवल्या. आता खिडकीच्या कट्ट्यावर पाच बरण्या ओळीने असतात. कोणत्या बरणीत कधी छत्री ठेवली, मुळे कधी दिसली, याची नोंद कॅलेंडरच्या चौकोनांत. पाणी बदलायला त्या उठतात. डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा उभे राहायला सांगितले होते, ते आमच्या शंभर विनवण्यांनी होत नव्हते. खाट त्याच श्रावणात पुन्हा फिरवली.

राहता राहिले या घराण्यातले बाकीचे. पपायरसची पुष्कळांना हौस असते. डोक्यावर हिरव्या केसांचा गोंडा, माणसाहून उंच, दिसतो राजबिंडा. पण तो उन्हाचा. सावलीत त्याचे दांडे लांबट, लुळे होतात आणि गळ्यात गळा घालून पडतात. बोळासाठी त्याचा विचारही करू नये. छत्रीगवताचाच पांढऱ्या पट्ट्यांचा प्रकार मिळतो. अंधाऱ्या कोपऱ्यात तो उजेड पाडतो, पण मधूनच त्याला पूर्वजांची आठवण होते आणि हिरवेगार दांडे येऊ लागतात. ते बुंध्यापासून काढले नाहीत तर सगळे बेट हिरवे होऊन बसते. विलायती बागांच्या चित्रांत सावलीतल्या वाटांच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांच्या गवताचे जे झुबके दिसतात, ते कॅरेक्स. त्यांच्या सुमारे दोन हजार जाती. सावलीच्या बागेत मिरवतात त्यांतल्या पुष्कळ मूळच्या जपानी. त्यांतल्या एकीला मॉरो या डॉक्टरचे नाव आहे. १८५३-५४ साली कमोडोर पेरीच्या गाजलेल्या जपान मोहिमेत तो वनस्पती गोळा करायला होता. देखणे झाड, यात वाद नाही. पण त्याला गारवा हवा. महाबळेश्वर-पाचगणीला कोणाचे घर असेल त्यांनी खुशाल लावावे. पुण्याचा एप्रिल आणि मुंबईचा ऑक्टोबर त्याला मानवायचा नाही. दुकानदार काहीही सांगो.

छत्रीगवताच्या पायथ्याशी मोकळी माती दिसते, तिथे नेचे आणि सिंगोनियम लावले. कोपऱ्यात अळू आहे, पण तो शोभेचा. एसीच्या पाण्यात यंत्राच्या नळ्यांतून धातूचे अंश येऊ शकतात, म्हणून त्या पाण्यावरच्या अळूच्या वड्या आम्ही करत नाही. शेजारच्या मांजराला छत्रीची कोवळी पाने फार आवडतात. ते येऊन शिस्तीत खालची टोके चावून जाते. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेने. तेव्हा टोके तपकिरी होतात आणि पानांखाली लाल कोळी जाळी धरतो. सकाळी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की पुरते. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चिमटीभर निंबोळी पेंड. पिवळे पडलेले दांडे जमिनीलगत कापत राहावे, अर्ध्यावर नव्हे. अर्ध्यावर कापलेला दांडा पुन्हा फुटत नाही, नुसता खुंट दिसत राहतो. काढलेले दांडे आणि फुटवे मात्र ओढ्यात, नाल्यात फेकू नका. परदेशांत उबदार ठिकाणी हे गवत बागांतून निसटून ओढ्यांच्या काठाने पसरले आहे. आपल्या ओढ्यांना आधीच दुखणी थोडी नाहीत.

ओढ्यांवरून सोसायटीच्या सभेचे आठवले. गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत विषय आला, की मागच्या बोळात पेव्हर ब्लॉक घालावेत. स्वच्छ दिसेल, झाडता येईल, चिखल होणार नाही. मंडळींचे म्हणणे अगदीच गैर होते असे मी म्हणणार नाही. चेंबर तुंबले की प्लंबरला तिथे पोहोचावे लागते, आणि गेल्या पावसाळ्यात तो छत्र्यांमधून वाट काढताना बरेच काही बोलला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एकांना सापाची भीती, तिसऱ्यावरच्यांना डासांची. मी टबातली खडी दाखवली, बरण्यांचे वेळापत्रक सांगितले. मग पाण्याचा हिशेब मांडला. वरच्या गच्चीचे पाणी या बोळात उतरते, ते आज मातीत मुरते; उद्या फरशीवरून ते फाटकाकडे जाईल, आणि फाटकाशी आधीच घोटाभर पाणी साचते. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र सभेतल्या कोणाला सांगायला नको होती. आंबिल ओढ्याला त्या रात्री आलेल्या पुराने पुण्यात माणसे नेली, घरे नेली. आमच्या बोळाने तो पूर थांबला असता असे नाही. पण शहरातली प्रत्येक इमारत आपापला बोळ फरशीने बंद करत गेली, की पाऊस जायचा कुठे?

सासूबाईंचे नाव मी सभेत काढले नाही. त्यांनीच बजावले होते. "माझ्यासाठी म्हणून मागू नकोस. मी काय आज आहे, उद्या नाही. पाण्याचं बोल."

ठरले ते असे : इमारतीच्या बाजूने दोन फूट रुंदीची शहाबादी फरशांची वाट, फरशांमध्ये दोन बोटांच्या फटी सोडून, चेंबरांपर्यंत. उरलेली माती तशीच. एक वर्ष पाहायचे आणि पुढच्या सभेत पुन्हा विचार करायचा. ती सभा अजून व्हायची आहे. मधल्या पावसाळ्यात प्लंबर दोनदा आला आणि मुकाट्याने काम करून गेला, हे मी कार्यवाहांना आवर्जून कळवले आहे.

बोळात सध्या अकरा बेटे आहेत. पावसानंतर ती इतकी दाटली की मागची भिंत दिसत नाही. आंब्यावरून शिंपी पक्ष्याची जोडी उतरते, आणि दांड्यांच्या मधून खालच्या मातीत काही तरी टिपत असते. सासूबाईंनी या वर्षात तेवीस छत्र्यांना मुळे आणली. सात रोपे इमारतीतच गेली. आमच्या धाकटीने मैत्रिणींना तीन दिली. आणि परवा, धनत्रयोदशीच्या खरेदीच्या गडबडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या डासवाल्या बाई रिकामी बरणी घेऊन खाली आल्या. सासूबाईंनी त्यांना समोर बसवून पाने किती कापायची ते दाखवले आणि दर चौथ्या दिवशी बरणी घासायची, हे दोनदा वदवून घेतले.